मैफल सरल्यानंतरचा इतिहास

दिनांक ८ मे १९७७ रोजी, रविवारी, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात इथाका या गावी ‘ग्रेटफुल डेड’ नावाच्या वाद्यवृंदाची मैफल झाली. स्थळ होते कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारातील बार्टन हॉल. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विद्यार्थ्यांच्या सैनिकी कवायतीसाठी उभारलेली ही दगडी वास्तू. आतील दालन एवढे प्रशस्त की त्यात धावण्याच्या शर्यती होत. संगीतासाठी अशी जागा कोणी आपणहून निवडणार नाही. तरी त्या रात्री तेथे काही हजार तरुण दाटीवाटीने उभे राहिले, सुमारे तीन तास गाणेबजावणे झाले, आणि श्रोते बाहेर पडले तेव्हा मे महिना असूनही बर्फ पडत होता. आदल्या दिवशी हा वाद्यवृंद बॉस्टनमध्ये वाजवून आला होता. दुसऱ्या दिवशी तो बफेलो शहरी वाजवावयास निघून गेला.

त्या मैफलीला आता अर्धशतक होत आले. आपल्या मंडळाची स्थापनाही त्याच सुमाराची. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या मैफलीचे ध्वनिमुद्रण राष्ट्राचा ठेवा म्हणून नोंदवून ठेवले आहे, तिच्यावर स्वतंत्र पुस्तक निघाले आहे, आणि त्या रात्री ज्यांचा जन्मही झालेला नव्हता असे लोक ती आपल्या डोळ्यांदेखत झाल्यासारखे तिच्याविषयी बोलतात. एका फिरत्या वाद्यवृंदाच्या एका रात्रीस एवढे भाग्य कसे लाभले? सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या परक्या मैफलीचे काय काम, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. परंतु पन्नास वर्षांच्या गाण्याबजावण्यातले काय उरते आणि ते कोणामुळे उरते, हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम या मंडळींची ओळख करून घेणे प्राप्त आहे. १९६५ साली कॅलिफोर्नियातील पॅलो आल्टो भागात पाच तरुणांनी हा वाद्यवृंद उभा केला. आरंभी त्याचे नाव वेगळे होते. त्याच नावाचा दुसरा एक वाद्यवृंद असल्याचे कळल्यावर नव्या नावाचा शोध सुरू झाला आणि जेरी गार्सिया याला एका कोशात ‘ग्रेटफुल डेड’ हे शब्द सापडले. पाश्चात्त्य लोककथांतील हा एक जुना कथाबंध आहे. बेवारस प्रेतावर पदरमोड करून अंत्यसंस्कार करणाऱ्या प्रवाशाला पुढे वाटेत एक अनोळखी सोबती भेटतो, त्याला संकटांतून तारतो, आणि शेवटी कळते की तो सोबती म्हणजे त्या मृताचाच आत्मा. ऋण फेडावयास परत आलेला असा हा कृतज्ञ मृतात्मा. नाव ऐकून आपल्याकडील कोणी घरातील वडीलधारी माणसे दचकतील, पण ही कथा त्यांना आवडल्याशिवाय राहणार नाही.

या वाद्यवृंदाचे मूळ पीठ ‘ब्लूज’ या संगीताचे. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात, गुलामगिरीतून सुटूनही दैन्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी हे गाणे घडविले. चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे त्याचे एक आवर्तन असते. त्यातले काही स्वर पेटीच्या पट्टीत सापडत नाहीत. कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधल्या जागेवर गवय्याचा गळा घुटमळतो व वेदना नेमकी तेथेच असते. श्रुतींचा संस्कार झालेल्या आपल्या कानांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. वाद्यवृंदात ब्लूज गाण्याचे काम मुख्यत्वे रॉन मॅकर्नन करी. त्याचे वडील रेडिओवर कृष्णवर्णीयांचे संगीत ऐकवीत असत, त्यामुळे हे गाणे त्याच्या कानांवर बालपणापासूनच पडत आले होते. मित्र त्याला ‘पिगपेन’, म्हणजे डुकरांचा गोठा, म्हणत. त्याच्या अवताराकडे पाहून पडलेले हे नाव त्याने आनंदाने मिरविले.

पण हे सगळे ब्लूजपाशी थांबले नाही. फिल लेश हा तरुण मिल्स कॉलेजमध्ये इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांच्या वर्गात बसून अत्याधुनिक युरोपीय संगीत शिकून आला होता; या वाद्यवृंदात येईपर्यंत त्याने बास गिटार हाती धरली नव्हती. गार्सिया बँजो वाजवीत वाढलेला. बॉब वेअर जेमतेम शाळकरी वयाचा. अशा भिन्न पिंडाच्या माणसांनी एकत्र येऊन केलेला मुख्य प्रयोग असा की गीत हे केवळ निमित्त समजावयाचे. चार-पाच मिनिटांचे गीत वीस-पंचवीस मिनिटे फुलवीत न्यावयाचे, वाटेत ते ओळखू येईनासे व्हावे, आणि मग एका वळणावर मुखडा पुन्हा दिसावा. बंदिशीचा विस्तार आणि समेवर येणे ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पश्चिमेकडील लोकप्रिय संगीताला मात्र ते नवलच होते. कोणत्या रात्री काय वाजवावयाचे हे आधी ठरलेले नसे. त्यामुळे कोणतीही दोन रात्रींची मैफल सारखी होत नसे, आणि पुढे जे घडले त्याचे बीज याच गोष्टीत आहे.

या वाद्यवृंदाच्या आरंभकाळी, कादंबरीकार केन केसी याच्या मंडळींनी भरविलेल्या सभांतून, एलएसडी या मादक द्रव्याचा मुक्तहस्ते वापर होत असे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पिगपेन त्या द्रव्यांपासून दूर राहिला, पण मद्याने त्याला गाठले. ८ मार्च १९७३ रोजी वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी तो गेला. इथाकाच्या रात्री तो नव्हता. गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी, व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेला असताना, निवर्तला. संगीताची थोरवी सांगताना हा हिशेबही मांडला पाहिजे.

आता या कथेतील मुंबईचा धागा. वाद्यवृंदाचा दुसरा तालवादक मिकी हार्ट हा १९६७ साली त्यात सामील झाला. त्याच सुमारास उस्ताद अल्लारखाँ यांचा तबला त्याच्या कानी पडला आणि त्याच्या डोक्यातील तालाची मोजदादच बदलली. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत चार मात्रांच्या चाकोरीतून सहसा बाहेर पडत नाही. या मंडळींनी अकरा आणि दहा मात्रांच्या रचना वाजवावयास घेतल्या. १९६७ सालीच अली अकबर खाँसाहेबांनी कॅलिफोर्नियात आपले संगीत महाविद्यालय काढले. पुढे अल्लारखाँसाहेबांचे चिरंजीव, मुंबईत जन्मलेले आणि माहीमला वाढलेले झाकीर हुसेन, ऐन विशीत तेथे तबला शिकवू लागले. त्यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांचा एक तालवाद्यमेळ होता. मिकी हार्ट त्यात मिसळला आणि १९७६ साली ‘डीगा’ या नावाने त्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ या शब्दविरहित रचनेत गार्सियाने पाहुणा म्हणून गिटार वाजविली. हार्टच्या याच रचनेला रॉबर्ट हंटर याने शब्द दिले आणि तिचे ‘फायर ऑन द माउंटन’ हे गीत झाले. १८ मार्च १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ते प्रथम रंगमंचावर आले, तेही ‘स्कार्लेट बिगोनियाज’ या जुन्या गीताला जोडून. त्यानंतर जेमतेम सात आठवड्यांनी इथाकाची रात्र उगवली, आणि त्या रात्रीतले जे काही रसिक आजतागायत उचलून धरतात त्यात ही जोडी अग्रभागी आहे. झाकीरभाई त्या रात्री बार्टन हॉलमध्ये नव्हते. पण ज्या लयीवर ते दालन डोलले ती लय त्यांच्या तबल्याच्या वर्गातून फिरून आली होती.

झाकीर हुसेन आणि मिकी हार्ट यांचा स्नेह पुढे अखेरपर्यंत टिकला. दोघांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेला विश्वसंगीताचे पहिले ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीरभाईंचे सॅन फ्रान्सिस्कोत निधन झाले, तेव्हा माहीमइतकाच शोक त्या किनाऱ्यावरही झाला असेल.

त्या रात्री वाद्यवृंदात सात जण होते. गार्सिया, वेअर, लेश, बिल क्रॉइट्झमन व हार्ट हे दोन तालवादक, पियानोवर कीथ गॉडचॉ आणि गायिका म्हणून त्याची पत्नी डॉना. १९७४ च्या अखेरीस त्यांनी दौरे थांबविले होते आणि १९७६ मध्ये पुन्हा सुरू केले होते. १९७७ च्या आरंभी कीथ ऑल्सन या निर्मात्याच्या हाताखाली त्यांनी एका नव्या ध्वनिमुद्रिकेचे काम केले. या गृहस्थाने दोन्ही तालवादकांकडून शिस्तीने तालमी करून घेतल्या. मुक्त विहाराची सवय असलेल्या मंडळींना हा जाच वाटला असावा. पण त्या वसंत ऋतूतील त्यांच्या वादनाला जी घट्ट वीण आली तिचे श्रेय बरेचसे या तालमींना द्यावे लागते. प्रतिभेला रियाजाची जोड मिळाली की काय होते, हे आपल्याकडे कोणाला निराळे सांगावयास नको.

मैफलीची सुरुवात ब्लूजनेच झाली. ‘न्यू मिंगलवुड ब्लूज’ हे पहिले गीत १९२८ साली मेम्फिस येथे मुद्रित झालेल्या एका जुन्या ब्लूजच्या वंशातले; रिकाम्या सुरईत फुंकून घुमारा काढणाऱ्या गरीब वादकांच्या मेळ्यांनी ते रूढ केले होते. मध्यंतरानंतर पुढच्या रांगेतील श्रोते रेट्याने चिरडू लागले, तेव्हा वेअरने सर्वांना एक-एक पाऊल मागे सरकण्याची विनंती केली. ती विनंती फितीवर जशीच्या तशी आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांना ती गीताइतकीच पाठ आहे. मग ती प्रसिद्ध जोडी. सुमारे पंचवीस मिनिटांचा हा खेळ दोनच स्वरसमूहांवर चालतो. आपल्या कानाला खमाज थाटाची आठवण व्हावी अशी त्याची ठेवण आहे. एका गीतातून दुसऱ्यात केव्हा शिरलो हे ध्यानात येऊ नये, इतक्या अलगद हा सांधा जुळतो. शेवटाकडे ‘मॉर्निंग ड्यू’. अणुयुद्धाने ओसाड झालेल्या जगात उरलेल्या माणसांचे हे गीत बॉनी डॉब्सन या कॅनडाच्या गायिकेने रचलेले. ते जवळजवळ कुजबुजीतून सुरू होते. अखेरीस गार्सियाची गिटार अशा वेगाने थरथरू लागते की सूर आणि टाहो यांतले अंतर मिटते. यावर काही वाजवू नये असे वाटावे, पण प्रथेप्रमाणे आग्रहाखातर आणखी एक गीत झाले. त्याचे नाव ‘वन मोअर सॅटरडे नाइट’, म्हणजे आणखी एक शनिवारची रात्र. वार होता रविवार. पण वाद्यवृंदाला पंचांग पाहण्याची सवय नव्हती आणि श्रोत्यांचीही तक्रार असल्याचे दिसत नाही.

इतके झाल्यावर ही मैफल त्या काळी जगातली सर्वश्रेष्ठ म्हणून गाजली असेल, असा वाचकांचा समज होईल. तसे झाले नाही. तिची कीर्ती खऱ्या अर्थाने पसरली ती दहा वर्षांनी, आणि त्याची कथा मैफलीहूनही रंजक आहे.

या वाद्यवृंदाचे चाहते स्वतःला ‘डेडहेड’ म्हणवितात. १९७१ च्या एका ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर, आपापले पत्ते कळवा, असे आवाहन वाद्यवृंदाने केले होते. त्याला प्रतिसाद देणाऱ्यांतून ही बिरादरी उभी राहिली. प्रत्येक रात्र निराळी असल्यामुळे हुकलेली रात्र कायमची हुकली, ही रुखरुख त्यांना असे. त्यातून चोरून ध्वनिमुद्रण करण्याची चाल पडली. कोटाच्या आत सूक्ष्मध्वनिग्राहक, पिशवीत कपड्यांखाली यंत्र, आणि शेजाऱ्याने टाळ्या वाजवू नयेत म्हणून त्याची मनधरणी. अन्य कलावंतांनी अशांना सभागृहाबाहेर काढले. या मंडळींनी काणाडोळा केला, आणि ऑक्टोबर १९८४ पासून तर मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात राखीव जागाच ठेवली. एकदा वाजवून झाले की ते ज्याचे त्याने न्यावे, अशी त्यांची वृत्ती होती. व्यवहारात ते तोट्याचे ठरले नाही. घरोघर फिती पोचल्या तशी प्रत्यक्ष मैफलींना गर्दी वाढतच गेली.

या फितींच्या देवघेवीचा एक अलिखित धर्म होता. पैसा घ्यावयाचा नाही. ज्याला प्रत हवी त्याने कोरी कॅसेट आणि परतीचे टपाल पाठवावे, किंवा आपल्याजवळील दुसरी फीत द्यावी. १९७४ साली सुरू झालेले ‘डेड रेलिक्स’ हे पत्रक आरंभी अशा देवघेवीसाठीच होते. नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटींत एक मैफल बसे. वेष्टनातील कागदावर तारीख, स्थळ आणि गीतांचा क्रम बारीक अक्षरांत हाताने लिहिलेला असे. मूळ फितीवरून काढलेली ती पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी. प्रत्येक पिढीगणिक सुरांत खरखर वाढे. कोणाची फीत कोणत्या पिढीची, ती कोणाकडून आली, याची वंशावळ घराण्याच्या अभिमानाने सांगितली जाई. पुढे १९८७ साली चाहत्यांनीच सर्व मैफलींच्या नोंदींचा एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. तीस वर्षांत झालेल्या सुमारे २३०० मैफली. त्यांतील बहुतेकींचा क्रमवार तपशील पगारी संशोधकांविना, हौशी माणसांनी जुळविला. विद्यापीठांनी हेवा करावा असे हे काम आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इथाकाच्या रात्री श्रोत्यांतूनही मुद्रण झाले होते. पण कीर्ती मिळाली ती निराळ्या फितीमुळे. बेटी कँटर-जॅक्सन ही वाद्यवृंदाच्या ध्वनियोजनेतील कर्मचारी. रंगमंचावरील वाद्यांचा आवाज ज्या यंत्रात एकवटतो तेथूनच ती मोठ्या चक्रीवरील फितींवर मुद्रण करीत असे. तिचा कान असामान्य. कोणते वाद्य किती पुढे आणावे, गळ्याभोवती किती अवकाश ठेवावा, याचे तिचे भान असे की ऐकणाऱ्याला आपण वादकांच्या मध्ये बसलो आहोत असे वाटावे. पुढे तिचा वाद्यवृंदाशी संबंध तुटला आणि दिवस फिरले. फिती तिने भाड्याच्या कोठारात ठेवल्या होत्या. भाडे थकले, आणि १९८६ साली कोठारातील सामानाबरोबर या शेकडो फितींचाही लिलाव झाला.

ज्या बाईच्या कानामुळे हे संगीत वाचले तिच्याच हातून ते असे गेले, हे मनाला लागते. लिलावात घेणाऱ्यांना आपण काय घेतले याची पुरती जाणीव नव्हती. काही फिती ओलीत राहून खराब झाल्या. चाहत्यांना सुगावा लागला, तेव्हा त्यांनी त्या मिळवून स्वच्छ केल्या, जुन्या यंत्रांवर चढविल्या आणि प्रती काढून सोडल्या. त्यांत ८ मे १९७७ ची फीत होती. खरखर ऐकण्याची सवय झालेल्या हजारो घरांत ही लख्ख फीत पोचली, आणि ‘बार्टन हॉलची रात्र’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने तिचा समावेश केला. मूळ फिती अखेर वाद्यवृंदाकडे परतल्या आणि २०१७ साली, म्हणजे ४० वर्षांनी, हे मुद्रण रीतसर प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पीटर कॉनर्स यांचे या एका मैफलीवरील पुस्तकही आले.

मग ती रात्र खरोखरच सर्वश्रेष्ठ होती काय? यावरून चाहत्यांत आजही हमरीतुमरी होते. कोणी बॉस्टनची आदली रात्र सरस मानतात, कोणी बफेलोची दुसरी. पिगपेनच्या काळापुढे काहीच न मानणारा एक सनातनी पंथही आहे. मैफल मुळी झालीच नाही, सरकारी हेर खात्याने ती बनविली, अशी थट्टाही प्रचलित आहे. प्रस्तुत लेखकास श्रेष्ठत्वाचा वाद निष्फळ वाटतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की जे त्या रात्री हजर होते त्यांच्या आठवणीत बर्फ आहे, चिंब झालेले जोडे आहेत, बरोबर आलेली माणसे आहेत. आणि जे हजर नव्हते त्यांच्या आठवणीत सुरांचा क्षणन्‌क्षण आहे. फितीवर बर्फ नाही. हजर असलेल्यांनीही पुढे ती फीत शंभर वेळा ऐकली, त्यामुळे आपण त्या रात्री काय ऐकले आणि मागाहून काय ऐकले हे त्यांना वेगळे काढता येत नाही. मॉरिस हाल्ब्वाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ सालीच प्रतिपादन केले होते की माणूस एकटा आठवत नाही. ज्या समूहात तो वावरतो तो समूह त्याला आठवणीची चौकट पुरवितो. डेडहेडांची बिरादरी हे त्याचे नमुनेदार उदाहरण म्हणता येईल.

आपल्याकडील उलट उदाहरण पाहावे. गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. तरी महाराष्ट्रात त्यांचे नाव घेताना जाणकार आजही कानाला हात लावतात. बुवांचे गाणे उरले ते बालगंधर्वांच्या आणि मास्तर कृष्णरावांच्या गळ्यात, ‘स्वयंवरा’च्या पदांत आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या रसिकाच्या लेखणीत. त्यांचेच समकालीन मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब मात्र तबकड्यांतून आपल्याला प्रत्यक्ष भेटतात. दोघांपैकी थोर कोण हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. एकाविषयी आपल्याजवळ साक्ष आहे आणि दुसऱ्याविषयी पुरावा, एवढाच फरक. बुवांविषयीची साक्ष लेखणीने आणि शिष्यांनी जपली म्हणून टिकली. ज्या शेकडो गवयांना ना टेंबे लाभले ना तबकडी, त्यांच्या नावांचीही नोंद नाही.

या स्मरणिकेच्या कामानिमित्त मंडळाच्या लोखंडी कपाटाची आवराआवर झाली, तेव्हा तळच्या खणात १९ कॅसेटी निघाल्या. बहुतेकींवर काही लिहिलेले नाही. एकीवर शाईने ‘गायन, कोजागिरी’ एवढेच आहे. साल नाही, गवयाचे नाव नाही. जमाखर्चाच्या वह्या मात्र चोख आहेत. त्यांत त्या वर्षांच्या कोजागिरीला लागलेले दूध, साखर, केशर, सतरंज्यांचे भाडे, तबला-पेटीची हमाली, सारे पैशापैशाने मांडले आहे. गाणे कोण गायले आणि काय गायले हे लिहावे असे कोणास सुचले नाही. ज्यांना ते ठाऊक होते ते सगळे समोरच बसले होते, तेव्हा लिहावयाचे कोणासाठी? गाव सोडून दूर आलेल्या माणसांना पहिल्या पिढीत असेच वाटत असते. नोंदीची गरज दुसऱ्या पिढीला भासते आणि तोवर शाई उडालेली असते.

ती कॅसेट समितीतील आम्ही चौघांनी ऐकली. आवाज पुरुषाचा, वयाने पन्नाशीच्या आतबाहेरचा, गळा ग्वाल्हेरच्या वळणाचा. मालकंसातील विलंबित ख्याल चांगला बारीक विणलेला. मध्येच कोणी म्हणतो, “पंखा बंद करा हो, पेटी ऐकू येत नाही.” हा आवाज मंडळाच्या एका माजी कार्यवाहांचा, त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. त्यांच्या पत्नीला ती फीत ऐकविली तेव्हा त्यांनी गाणे बाजूला ठेवून तेवढे एक वाक्य तीन वेळा लावावयास सांगितले. एक मूल रडते आणि त्याला बाहेर नेल्याचे ऐकू येते. ते मूल कोण, यावर दोन कुटुंबांनी हक्क सांगितला आहे.

गवयाच्या नावाविषयी जुन्या सभासदांत एकमत नाही. तीन नावे पुढे आली आहेत आणि तिन्ही येथे छापण्याइतकी खात्रीची नाहीत. त्या रात्री हजर असलेले ११ सभासद आज हयात आहेत. पहाटे भैरवी झाली आणि ती ऐकताना समोरच्या रांगेतील बायका डोळे पुशीत होत्या, असे त्यांच्यातील सात जण सांगतात. उरलेल्या चौघांच्या मते सभागृह रात्री साडेअकराला रिकामे करून द्यावयाचे होते, त्यामुळे पहाट आणि भैरवी दोन्ही अशक्य. फितीवरून याचा निकाल लागत नाही. मालकंसाची द्रुत बंदीश ऐन रंगात असताना, तान वर चढत असतानाच, कॅसेट संपते.